मुलाला शिकवणी लावायची आहे? फी भरण्याआधी एवढं तपासून घ्या

जून उजाडला की शेतकऱ्याच्या घरात दोन खर्च एकदमच येतात. एक बी-बियाणं आणि खताचा, दुसरा पोरांच्या शाळेचा. वह्या, दप्तर, गणवेश झालं की लगेच शिकवणीचा विषय निघतो. शेजारच्यांनी लावली, भावकीत लावली, मग आपलंच पोरगं मागं पडेल या भीतीनं आपणही लावून टाकतो. कोण शिकवतो, काय शिकवतो, मध्येच बंद केली तर पैशाचं काय, हे विचारायचं राहून जातं.

शिकवणीचं प्रमाण वाढतच आहे. ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार देशात पहिली ते आठवीची पैसे देऊन शिकवणीला जाणारी मुलं २०१८ मध्ये २६.४ टक्के होती, ती २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाली. म्हणजे दहातली तीन. त्यामुळे हा खर्च आता फक्त शहरातला राहिलेला नाही. खर्च करायचाच असेल तर तो नीट बघून करावा, यासाठी ही माहिती.

आधी बघा, अडतंय कुठं?

ताप आला म्हणून कुठलीही गोळी देत नाही, तसंच हे आहे. मूल नेमकं कुठं अडतंय हे कळल्याशिवाय शिकवणी लावू नका. ही तपासणी घरी दहा मिनिटांत होते. त्यासाठी आपण फार शिकलेलं असायची गरज नाही.

वाचन : मूल चौथीत, पाचवीत किंवा त्याच्या पुढं असेल तर दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या. मधलंच एखादं पान उघडून मोठ्यानं वाचायला सांगा. न अडखळता वाचलं आणि काय वाचलं ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं, तर वाचन ठीक आहे. अडलं तर सोपे शब्द वाचायला द्या. तेही जमेना तर अक्षरं विचारा. कुठल्या पायरीवर थांबलं ते लक्षात ठेवा.

गणित : हातच्याची वजाबाकी घाला. समजा, ५२ मधून २७ गेले किती? उत्तर २५. ते आलं तर भागाकार घाला, ८५७ भागिले ६. भागाकार १४२ आणि बाकी ५ यायला पाहिजे. पाचवीच्या पुढच्या मुलाला हे जमत नसेल, तर त्याला आठवीच्या बीजगणिताची शिकवणी लावून उपयोग नाही. पाया कच्चा आहे, आधी तो भरायला लागेल.

इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलांचं हे जास्त करून तपासा. काही मुलं इंग्रजी कविता तोंडपाठ म्हणतात, पण पुस्तक उघडून दिलं तर एक ओळ वाचता येत नाही, आणि मराठीही वाचता येत नाही. पाठ म्हणणं आणि वाचणं यात फरक आहे.

शाळेत आधी विचारा, तो आपला हक्क आहे

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कामं दिलेली आहेत. प्रत्येक मुलाला किती येतं ते तपासायचं आणि गरज असेल तर त्याला जादा शिकवायचं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. पालकांच्या बैठका घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगायची, हेही त्यात आहे. पहिली ते आठवीपर्यंत हा कायदा आहे.

म्हणून पहिलं काम, वर्गशिक्षकांना भेटा. वरची तपासणी केलेली असेल तर सरळ सांगता येतं, "गुरुजी, पोरीला हातच्याची वजाबाकी येत नाही, तिच्यासाठी काय करता येईल?" असं नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं. नुसतं "पोरगी अभ्यासात कच्ची आहे" म्हटलं तर "घरी लक्ष द्या" एवढंच ऐकायला मिळतं.

गुरुजींकडून काही झालं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. सभा होते का, सदस्य कोण आहेत, हे आधी माहिती करून घ्या.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी जास्त लक्ष द्यावं. या दोन वर्गांना आपल्या राज्यात आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते, त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. मार्च महिन्यात जागं होऊन काही होत नाही.

शाळेचेच गुरुजी पैसे घेऊन शिकवणी घेतात, ते चालतं का?

नाही. त्याच कायद्याच्या कलम २८ नुसार कोणत्याही शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. शाळा सुटल्यावर घरी घेतली तरी तेच. "माझ्याकडे शिकवणी लावली तर पोराकडे लक्ष देईन" असं कोणी म्हणत असेल तर ते उलटंच झालं, कारण लक्ष देण्याचाच पगार मिळतो.

शाळेच्या वेळेआधी किंवा नंतर पैसे न घेता जादा तास घेणारे गुरुजी आणि बाई आपल्याकडे भरपूर आहेत. तो प्रकार वेगळा. अशा तासाला मूल रोज पाठवा.

शिकवणारा गावातच शोधा

तालुक्याचा मोठा क्लास दिसायला चांगला दिसतो. पण चौथी, पाचवीच्या पोराला रोज दहा-पंधरा किलोमीटर पाठवण्याआधी गावात, वाडीवर नजर टाका. शिकवू शकणारी माणसं जवळच असतात :

निवृत्त शिक्षक-शिक्षिका. यांचा पाया पक्का असतो. पण पुस्तकं बदललेली असतात, म्हणून सध्याचं पुस्तक त्यांना नेऊन द्या.

डीएड, बीएड होऊन नोकरीची वाट बघणारी मुलं-मुली. यांना शिकवण्याची पद्धत माहीत असते.

लग्न होऊन गावात आलेली शिकलेली सून. बीएस्सी, एमए झालेल्या सुना कितीतरी घरात आहेत. मुलींच्या शिकवणीसाठी तर हा उत्तम मार्ग, पोरी घराजवळच राहतात.

अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी भरतीचा अभ्यास करणारी पोरं. यांचं गणित आणि बुद्धिमत्ता चांगली असते. मात्र भरती निघाली की ती महिनाभर गायब होतात आणि निवड झाली की गाव सोडतात. हे धरूनच ठरवा.

चौकशी कोणाकडे करायची? मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, वाचनालय चालवणारे आणि बचत गटाच्या महिला. कोणाच्या घरी कोण किती शिकलंय हे त्यांना बरोबर माहीत असतं.

एका घराला फी जड जात असेल तर चार-पाच घरं एकत्र या. समजा पाच घरांनी महिन्याला ४०० रुपये काढले तर २,००० रुपये जमतात. गावातल्या शिकलेल्या मुलीला घरबसल्या काम मिळतं आणि पाचच पोरं असल्यानं प्रत्येकाकडं लक्ष जातं. जागा समाजमंदिरात किंवा कोणाच्या ओसरीवर होते. फक्त पोरं एकाच इयत्तेची किंवा मागंपुढं एका इयत्तेची असावीत. पहिलीचं आणि नववीचं एकत्र बसवलं तर दोघांचंही नुकसान.

शिकवणारा कसा पारखायचा?

बैल घेताना चालवून बघतो, मग क्लास न बघता कसा लावायचा? या गोष्टी करा :

१. आधी आठ दिवस बसवून बघा. प्रामाणिक शिकवणारा याला नाही म्हणत नाही. शेवटच्या दिवशी मुलाला विचारा, "काय नवीन आलं ते करून दाखव."

२. वही बघा. नुसती उत्तरं उतरवून घेतलेली असतील तर ती शिकवणी नाही, नक्कल आहे. चुका दुरुस्त केलेल्या दिसल्या पाहिजेत.

३. एका वेळी किती पोरं बसतात ते स्वतः जाऊन मोजा. साठ-सत्तर पोरं एका खोलीत असतील तर ती दुसरी शाळाच झाली.

४. ज्याचं नाव बोर्डावर आहे तोच शिकवतो का? पुष्कळ ठिकाणी नाव एकाचं आणि शिकवणारा दुसराच असतो.

५. मागच्या वर्षीच्या दोन-तीन पालकांना भेटा. पहिल्या आलेल्या मुलाच्या बापाला भेटून उपयोग नाही. जे मूल मागे होतं, त्याच्यात काय फरक पडला हे विचारा.

६. मारतात का, हे मुलाला एकट्यात विचारा. "छडी लागल्याशिवाय येत नाही" असं आपल्याकडं अजून म्हणतात. शाळेत मारायला कायद्यानंच बंदी आहे, मग शिकवणीत तरी कशाला चालवून घ्यायचं? मार खाल्लेलं पोरगं प्रश्न विचारायचं बंद करतं.

बॅनर बघून भुलू नका

निकाल लागला की एसटी स्टँडसमोर बॅनर लागतात. कधीकधी एकच मुलगा दोन-तीन क्लासच्या बॅनरवर दिसतो. तो खरंच तिथं वर्षभर शिकला, की शेवटी एक सराव परीक्षा देऊन आला, हे बॅनरवर लिहिलेलं नसतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी नियम काढले. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती लागते. त्यानं कोणता कोर्स केला होता हेही जाहिरातीत सांगावं लागतं. शंभर टक्के निकालाची, निवडीची हमी देणारी जाहिरात यात बसत नाही. हमी देणारा दिसला की दोन पावलं मागं या.

मोठ्या क्लाससाठी केंद्राच्या सूचना

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लाससाठी आहेत, घरगुती शिकवणीला नाहीत. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा :

- १६ वर्षांखालच्या मुलाला किंवा दहावीची परीक्षा होण्याआधी प्रवेश देऊ नये.
- शिकवणारा किमान पदवीधर असावा.
- शाळेच्या वेळेत क्लास घेऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको, आठवड्याला एक सुट्टी हवी.
- फीची पावती द्यावी, कोर्स चालू असताना फी वाढवू नये.
- पूर्ण फी भरून विद्यार्थ्यानं मध्येच सोडलं, तर राहिलेल्या दिवसांची फी दहा दिवसांत परत द्यावी.

या सूचना आहेत, त्यांची अंमलबजावणी राज्यानं करायची आहे. त्यामुळे उद्याच कोणी येऊन क्लासला कुलूप लावील असं समजू नका. पण पैसे भरण्याआधी विचारायला हा चांगला आधार आहे. "मध्येच सोडलं तर पैसे परत देता का? तसं लिहून द्या," एवढं विचारा. उत्तरावरून क्लास कळतो. आणि सातवी-आठवीपासून डॉक्टर-इंजिनिअरच्या 'फाउंडेशन'ची मोठी फी कोणी सांगत असेल, तर वरची पहिली ओळ दाखवा.

फी : महिन्याला द्या, पावती घ्या

वर्षाची फी एकदम भरली तर सूट मिळते म्हणून बरेच पालक पीक कर्जातून किंवा हातउसने घेऊन भरतात. यात धोका आहे. हिशेब बघा. समजा दहा महिन्यांची फी १२,००० आहे, म्हणजे महिन्याला १,२००. एकदम भरली तर १०,००० म्हणतात. दोन हजार वाचले असं वाटतं. पण चौथ्या महिन्यात क्लास बंद झाला किंवा पोरानं जायचं सोडलं, तर ४,८०० च्या शिकवणीला आपण १०,००० मोजलेले असतात.

आमच्या भावकीतच असं झालं. जूनमध्ये सगळी फी रोख दिली, दिवाळीनंतर क्लासला टाळं. पावती नव्हती, त्यामुळे कोणाला काही दाखवता आलं नाही.

म्हणून फी महिन्याला द्या, फार तर तीन हप्ते. रोख दिली तर पावती घ्या, नाहीतर फोन-पेनं द्या, नोंद राहते. फीमध्ये पुस्तकं, नोट्स, सराव परीक्षा धरल्या आहेत का ते आधीच विचारा. जीएसटी १८ टक्के म्हणून वेगळा लावत असतील तर जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला सहसा नोंदणीच लागत नाही, त्यामुळे बिल नसेल तर जीएसटी कशाचा?

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी वर्षाची फी मुळीच भरू नये. मुलं गावात मागं ठेवणार असाल तर शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा.

येण्या-जाण्याचं आणि मुलींचं

गावातल्या मुलीची शिकवणी बऱ्याचदा अभ्यासामुळं नाही, तर शेवटच्या एसटीमुळं बंद पडते. आणि शिकवणीबरोबर कधीकधी शाळाही. म्हणून वेळ आधी ठरवा. क्लास सुटण्याची वेळ आणि गाडीची वेळ यात अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर नको. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, पण तो घर ते शाळा. क्लास दुसऱ्या गावाला असेल तर तिकीट काढावं लागेल, तो खर्च धरा.

खोली रस्त्याला लागून, दार उघडं असलेली, इतर मुलं सोबत असलेली हवी. मुलींना स्वच्छतागृह आहे का ते आईनं स्वतः जाऊन बघावं. संध्याकाळी लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, तेही बघा. शिकवणारा मुलीला रात्री-अपरात्री मेसेज करत असेल, एकटीला थांबवत असेल, तर "गुरुजी आहेत" म्हणून गप्प बसू नका. पोरगी काही सांगायला लागली तर आधी ऐकून घ्या, तिची शाळा बंद करू नका. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर चोवीस तास चालू असतो, फोन फुकट लागतो. गंभीर काही असेल तर पोलीस ठाणे. मुलांच्या लैंगिक संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे.

नवोदय आणि एनएमएमएससाठी शिकवणी

या दोन परीक्षांवर थोडा खर्च केला तर तो वाया जात नाही, पण आधी माहिती घ्या.

नवोदयची परीक्षा पाचवीत असताना देतात, प्रवेश सहावीला मिळतो. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० गणिताचे, २० भाषेचे. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागते. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. अर्जाला फी नाही, त्यामुळे फॉर्मचे पैसे म्हणून कोणी मोठी रक्कम मागत असेल तर देऊ नका.

एनएमएमएस आठवीत देतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं आणि सातवीला ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सूट. अट एक, मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत पाहिजे. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ही शिष्यवृत्ती नाही. इंग्रजी शाळेत घालताना ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. फॉर्म शाळेतूनच भरतात, मुख्याध्यापकांना विचारा.

फुकटात काय मिळतं?

बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोबाईलवर मोफत उतरवता येतात. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपनं स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ दिसतात. घरात एकच फोन असेल तर संध्याकाळी अर्धा तास पोराला ठरवून द्या आणि शेजारी बसा, नाहीतर धडा बाजूला आणि रील सुरू. ॲपच्या पैशाच्या कोर्ससाठी फोनवर गळ घालणाऱ्यांना लगेच ओटीपी देऊ नका. पुष्कळदा हप्त्यावर म्हणून सांगतात, ते खरं म्हणजे आपल्या नावावरचं कर्ज असतं.

लावल्यावर महिन्यानं तपासा

सुरुवातीची ती दहा मिनिटांची तपासणी दर महिन्याला करा. तीन महिन्यांत एक पायरीही वर सरकली नसेल तर शिकवणाऱ्याशी बोला, नाहीतर बदला. पोरगं रोज पोट दुखतंय म्हणत असेल, खेळायला वेळच नसेल, शाळेत झोपत असेल तर शिकवणी जास्त झाली. पहिली ते चौथीच्या मुलाला दिवसाला एक तास भरपूर.

फसवणूक झाली तर

क्लासवाल्याला आधी लेखी अर्ज द्या, त्याची प्रत ठेवा. नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी नाही, वकील लागतोच असं नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. खाजगी क्लास ग्राहक कायद्याखाली येतात, हे राष्ट्रीय आयोगानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. सोबत पावती किंवा पैसे दिल्याची नोंद पाहिजे.

पालकांनो, शिकवणी लावली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं नाही. रोज रात्री जेवणाआधी पोराला एक पान मोठ्यानं वाचायला लावा आणि आपण ऐका. त्याला एक रुपया लागत नाही. ही माहिती आपल्या गावच्या आणि शाळेच्या ग्रुपवर पाठवा, कुणाचे तरी पैसे वाचतील.